प्लगच्या खळग्यातलं खारं पाणी

माझ्या मोटरसायकलच्या आरसीची, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्राची, मुदत २० ऑक्टोबर २०२४ ला संपत होती. सप्टेंबर उजाडला तरी गाडी पीयूसीत, म्हणजे धुराच्या तपासणीत, पास होत नव्हती. त्याचं मूळ निघालं पेट्रोल पेटवणारी ठिणगी पाडणाऱ्या स्पार्क प्लगभोवती साचलेलं पाणी आणि त्यातून धरलेला गंज. हे कळायला मला जूनपासून सप्टेंबर लागला. प्रत्यक्ष दुरुस्ती मात्र दोन सुट्ट्यांत आणि साडेसातशे रुपयांत झाली. मधे कुठे कुठे अडलो ते तारखांसकट लिहून ठेवतो आहे. समुद्राजवळ राहणाऱ्या बऱ्याच जणांच्या गाड्या दर पावसाळ्यात अशाच मिसिंग करतात, म्हणजे मधेच आचके देतात, आणि दर वेळी पेट्रोल-हवा मिसळणारा कार्बोरेटरच उघडला जातो.

मी मालवण तालुक्यात राहतो, समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर. रोज अकरा किलोमीटर जाऊन-येऊन एका पतसंस्थेत नोकरी. गाडी १५० सीसीची, एका सिलिंडरची, हवेवर थंड होणारी, कार्बोरेटरची. २००९ च्या दिवाळीनंतर लगेच घेतलेली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण यात कंपनीचा काही संबंध नाही. पंधरा पावसाळे खारी हवा खाल्लेल्या कुठल्याही गाडीला हे होऊ शकतं.

पहिली खूण मिळाली ११ जूनला. सकाळी साडेनऊची वेळ, पावसाची झड चालू, खाडीवरच्या पुलावर गाडीनं दोन-तीन आचके दिले. कुणी मागून धरून ओढावं तसं वाटलं. पूल संपेपर्यंत कशीबशी चालली. पलीकडे शेडखाली दहा मिनिटं उभी केली आणि किक मारली तर ठणठणीत. संध्याकाळी पाऊस नव्हता, तेव्हा काहीच झालं नाही. पुढचे तीन आठवडे हेच चाललं. पावसात आचके, उघडीप पडली की ठीक. एकदा ट्रकनं उडवलेल्या पाण्यानंतर गाडी भर चढावर बंद पडली. मागे बायको बसलेली, तिच्या मांडीवर डबे. तेव्हा मात्र धसका बसला. पावसात निघायचं म्हटलं की पोटात गोळा यायला लागला.

६ जुलैला, शनिवारी, गाडी गॅरेजमध्ये नेली. तिथं कार्बोरेटर खोलून साफ केला, एअर फिल्टर झटकला. प्लग सिलिंडरच्या वरच्या झाकणात, म्हणजे हेडमध्ये, आट्यांवर बसतो. तो काढायला गेले तर हलेना. "जाम आहे, जोर केला तर हेडचे आटे जातील, पाऊस संपल्यावर बघू," असं सांगितलं. हा निर्णय बरोबरच होता, हे मला नंतर कळलं. करंट बघायला त्यांनी स्वतःकडचा एक जुना प्लग वायरीच्या टोकाच्या टोपीत, म्हणजे कॅपमध्ये, खोचला, हेडला टेकवला आणि किक मारली. निळी ठिणगी चांगली दिसली. निष्कर्ष निघाला की करंट ठीक, तेव्हा कार्बोरेटर. ४०० रुपये दिले. चार दिवस पाऊस कमी होता म्हणून गाडी सुधारल्यासारखी वाटली. पाचव्या दिवशी पुन्हा आचके. दुसऱ्या खेपेला कॉइल, म्हणजे ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग, बदलू या म्हणाले, खर्च ९०० रुपये. मी थोडं थांबू म्हटलं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, कारण बहुतेक जण इथंच फसतात. उघड्या हवेत प्लग हेडला टेकवून दिसलेली ठिणगी अर्धीच गोष्ट सांगते. सिलिंडरच्या आत पेट्रोल-हवेचं मिश्रण दाबलेलं असतं. दाब जितका जास्त तितका ठिणगीला त्या फटीतून उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतो, हजारो व्होल्ट. बाहेरून प्लगची पांढरी चिनी माती कोरडी असेल तर करंटला आतल्या फटीशिवाय दुसरी वाट नसते. पण तीच माती ओली असेल, आणि ते पाणी खारं असेल, तर करंट आतली अवघड उडी सोडून बाहेरच्या बाहेर, मातीवरून घसरून प्लगच्या लोखंडी अंगावर उतरतो. आत ठिणगी पडतच नाही. प्लगच्या मातीवर ज्या गोल वळ्या असतात त्या ही बाहेरची वाट लांब व्हावी म्हणूनच. पण त्यांच्यावर मिठाचा आणि गंजाचा थर बसला की त्यांचा उपयोग फारसा उरत नाही.

मला हे जुलैत माहीत नव्हतं. ऑगस्टभर मी पावसात बसनं गेलो आणि उघडीप असेल तेव्हाच गाडी काढली.

आरसीचं काम डोक्यात होतंच. गाडी खासगी असेल तर पहिली नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर नूतनीकरण करावं लागतं आणि ते पाच वर्षांसाठी मिळतं. अर्जाचा नमुना २५, आणि तो मुदत संपायच्या आधी साठ दिवसांत करता येतो, म्हणजे माझ्या बाबतीत २१ ऑगस्टनंतर. मुदत उलटली तर मोटरसायकलला दर महिन्याला ३०० रुपये जादा. विमा चालू होता. पीयूसी ३० ऑगस्टला संपली, तेव्हा आधी ती नवी करावी म्हणून २ सप्टेंबरला पीयूसी केंद्रावर गेलो.

नळी सायलेन्सरमध्ये घातली आणि आकडे आले. कार्बन मोनॉक्साइड मर्यादेत, साडेतीन टक्क्यांच्या खाली. हायड्रोकार्बन ६२००. माझ्या गाडीच्या काळातल्या फोर स्ट्रोक दुचाकीला ४५०० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ४५०० भागांची, मर्यादा आहे. केंद्रावरचा मुलगा वयानं विशीतला असेल, पण त्यानं नीट समजावलं. "दादा, पेट्रोल न जळता बाहेर येतंय. गाडी मधेच मिस मारते ना? ते आधी बघा, कार्बोरेटरला हात लावू नका." दोन महिन्यांत मला मिळालेला हा पहिला नेमका सल्ला. एखाद्या फेऱ्याला ठिणगी पडली नाही की त्या फेऱ्यातलं सगळं मिश्रण तसंच सायलेन्सरमधून बाहेर जातं आणि हायड्रोकार्बनचा आकडा चढतो.

आणि मग मी सगळ्यात मोठी चूक केली. ७ तारखेला गणेश चतुर्थी. घर सारवणं, रंग, माटवी बांधणं, मुंबईकरांचं येणं, या गडबडीत ४ तारखेला गाडी सर्व्हिसिंगला, म्हणजे नुसती धुवायला दिली. प्रेशरच्या पाण्यानं. टाकीखाली, इंजिनाच्या फटीफटीतून पाणी मारलं गेलं. घरी आणून पडवीच्या कडेला उभी केली आणि पागोळ्यांचं पाणी लागू नये म्हणून प्लॅस्टिकची ताडपत्री गच्च बांधली. गौरी-गणपती, भजनं, पाहुणे यात चौदा दिवस गाडीकडे बघितलंच नाही. आत अडकलेलं पाणी, वर ताडपत्री, खाली पावसाळ्यातली ओली जमीन. झाकण ठेवून भात वाफेवर ठेवावा तसं ते झालं होतं.

१८ सप्टेंबरला ताडपत्री काढली. चेन नारिंगी झालेली, क्लचच्या वायरवर बुरा. वीस-पंचवीस किका मारल्यावर गाडी चालू झाली ती एकदम खोकत, आणि ॲक्सिलरेटर सोडला की बंद. आता मात्र घाबरलो. महिना उरला होता आणि मधे दसरा.

आमच्या वाडीत आबा आहेत. वय पंच्याहत्तरच्या पुढे. आयुष्यभर होड्यांची आउटबोर्ड मशीनं दुरुस्त केली. मोटरसायकल त्यांच्या कामातली नाही, पण खाऱ्या पाण्यानं लोखंडाचं काय होतं हे त्यांच्याइतकं कोण जाणणार? १९ तारखेला रात्री जेवण झाल्यावर ते आले. मला म्हणाले, "लाईट बंद कर."

पडवीतला दिवा घालवला. गाडी चालू केली आणि मी ॲक्सिलरेटर धरून ती चालू ठेवली. आबांनी कपड्यांना इस्त्री करताना मारतात ती पाण्याची फवारणी घेतली आणि लांबून प्लगच्या कॅपवर बारीक फवारा मारला. त्या अंधारात जे दिसलं ते मी विसरणार नाही. कॅपच्या खालच्या कडेपासून हेडपर्यंत बारीक निळ्या रेषा सळसळत होत्या, तडतड आवाजासकट. आणखी एक निळा ठिपका वायर जिथं कॅपमध्ये शिरते तिथं. गाडी त्या क्षणी गचके खाऊन बंद पडली.

आबा एवढंच बोलले, "करंट भायर सांडता."

ही चाचणी कुणालाही घरी करता येते. फक्त तेव्हा कॅपला, वायरला हात लावायचा नाही, धातूचं काही जवळ न्यायचं नाही, आणि पेट्रोल कुठे गळत नाही ना हे आधी बघायचं. कार्बोरेटर ओला दिसत असेल तर ही चाचणी करूच नका.

२२ सप्टेंबर, रविवार. किल्ली बंद, टाकी काढून बाजूला ठेवली, म्हणजे प्लगपर्यंत हात आणि डोळे दोन्ही पोचतात. कॅप सरळ ओढून निघेना. आबांनी सांगितलं तसं वायरला न धरता कॅपचं शरीर धरून आधी डावी-उजवी फिरवली, मग वर ओढली. फक् आवाज करून निघाली. खाली हेडमध्ये प्लग बसतो तो खळगा. त्यात बोटभर पाणी, चहाच्या रंगाचं. प्लगच्या षटकोनी भागाच्या कडा गंजानं गोलसर झालेल्या, चिनी मातीवर तपकिरी ओघळ, आणि जिथं प्लगचं लोखंड हेडच्या अॅल्युमिनियमला भेटतं तिथं पांढरी भुकटी.

माझा हात लगेच पान्याकडे गेला. आबांनी अडवला. "पाणी खयसून येता ता आधी बघ, मगे पान्याक हात लाव."

पाणी दोन वाटांनी येत होतं. एक, कॅपच्या दोन्ही टोकांची रबरं कडक होऊन तडकली होती आणि वायर वरून सरळ उतारानं कॅपमध्ये येत होती, म्हणजे टाकीवरून गळणारं पाणी वायरीवरून ओघळत थेट आत. दुसरी गोष्ट मला कुणी सांगितली नसती तर कधी कळली नसती. बऱ्याच इंजिनांत या खळग्याच्या तळाशी हेडच्या बाजूला उघडणारं एक बारीक भोक असतं, पाणी निघून जावं म्हणून. माझ्या गाडीचं ते भोक बुजलेलं होतं. टोकदार तार घालून टोकरलं तर सुकलेली माती पडली, आणि मातीत वाळलेल्या कोळ्याचे तुकडे. कुंभारणीनं त्यात घर केलं होतं. आमच्याकडे ही माशी किल्लीच्या भोकात, प्लगच्या सॉकेटात, नळाच्या तोंडात, कुठेही मातीचं घर करते. भोक मोकळं झालं आणि खळग्यातलं पाणी माझ्या डोळ्यांसमोर सिलिंडरच्या पट्ट्यांवरून खाली ओघळून गेलं.

आबा म्हणाले ते वाक्य मी तेव्हाच मोबाइलवर टिपून ठेवलं: "पडणारा पाणी काय करीत नाय, साठलेला पाणी खाता."

त्या दिवशी प्लगला पाना लावलाच नाही. आधी खळगा साफ केला. जुना दात घासायचा ब्रश, मग बारीक वायर ब्रश, मग सायकलच्या पंपानं हवा, हे तीन-चार वेळा. कारण सोपं आहे. प्लग निघाला की खालचा मार्ग सरळ सिलिंडरमध्ये जातो, आणि गंजाचा एखादा खडा आत पडला तर सिलिंडरची भिंत खरचटते. मग पेनेट्रेटिंग ऑइल, १९० रुपयांचा फवारा, प्लगच्या बुडाशी. पुढचे पाच दिवस रोज संध्याकाळी कामावरून आल्यावर थोडं थोडं घालत गेलो आणि पान्याच्या दांड्यानं प्लगच्या षटकोनावर हलके टिचकी मारल्यासारखे ठोके. चिनी मातीवर ठोका बसता कामा नये, ती तडकते.

प्लग इतका का धरतो, याचं कारणही त्याच खळग्यात आहे. प्लगचं अंग पोलादाचं, हेड अॅल्युमिनियमचं. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून आणि मधे खारं पाणी, म्हणजे छोटी बॅटरीच. त्यात अॅल्युमिनियम झिजतं आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांत भरते. वरून लोखंडाचा गंज फुगतो, कारण गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. आटे दोन्हीकडून आवळले जातात. पोलाद जोरात जिंकतं, आणि आटे जातात ते हेडचे. तसं झालं तर हेड उतरवून हेलिकॉइल (तारेचे नवे आटे) किंवा बुश बसवावं लागतं. त्यात हजारो रुपये जातात आणि मला तर आठवडाही परवडणारा नव्हता.

२८ सप्टेंबर, चौथा शनिवार, सुट्टी. इंजिन दोन-तीन मिनिटं कसंबसं चालवलं आणि हाताला कोमट लागेल इतकं झाल्यावर बंद केलं. अॅल्युमिनियम तापल्यावर पोलादापेक्षा जास्त प्रसरण पावतं, त्यामुळे थोडी ढील मिळते. मात्र इंजिन चटके बसतील इतकं गरम असताना प्लग काढू नये, तेव्हा हेडचे आटे जास्त नाजूक असतात. गाडीच्या किटमधला पत्र्याचा पाना न वापरता १६ मिमीचा चांगला सॉकेट शेजाऱ्याकडून आणला, कारण षटकोनाच्या कडा आधीच गेल्या होत्या आणि पाना सटकला असता तर मग पकडायलाही काही उरलं नसतं.

पहिला जोर लावला. काही नाही. दुसरा. मला घाम फुटला. तिसऱ्याला टक् आवाज झाला आणि माझ्या छातीत धस्स झालं, प्लग तुटला असं वाटून. तुटला नव्हता, सुटला होता. तरी सरळ सोडत जायचं नाही. "थोडो सोड, थोडो आवळ," आबा स्टुलावर बसून सांगत होते. पाव फेरा सोडला की तेलाचा थेंब, परत थोडा आवळला, पुन्हा सोडला. प्रत्येक वेळी कर्रकर्र आवाज. आवाज वाढला की थांबायचं, तेल घालायचं, आवळायचं. बारा मिलिमीटर लांबीच्या आट्यांना एक तास चाळीस मिनिटं लागली. शेवटचे दोन आटे हातानं फिरले आणि प्लग बाहेर आला तेव्हा आम्ही दोघंही काही न बोलता त्याच्याकडे बघत बसलो. बायकोनं चहा आणला तो तसाच निवला.

आटे बघितले. खालचे स्वच्छ, वरच्या तीन-चारांत पांढरी भुकटी. हेडचे आटे शाबूत होते, पण घाण भरलेली. कट्ट्यावरच्या लेथवाल्याकडून आटे साफ करायचा १० मिमीचा टॅप आणि लेथवाल्याचा मुलगा असे दोन्ही घरी आणले, १०० रुपये. त्या मुलानं टॅपच्या खाचांत ग्रीस भरलं, म्हणजे निघालेला कचरा ग्रीसला चिकटून वर येतो, आत पडत नाही. दोनदा घालून काढला, दर वेळी पुसून. शेवटी भोकावर फडकं धरून दोन-चार किका मारल्या, आतलं उरलंसुरलं बाहेर फेकलं गेलं. किक मारताना तोंड बाजूला ठेवावं.

मग कॅप. वायरीवरून ती उलटी फिरवली की निघते, आत स्क्रूसारखा खिळा असतो. वायर बघितली तर तांब्याच्या तारांना हिरवा कळंक चढलेला. मल्टिमीटर लावला. चांगल्या कॅपमध्ये साधारण ५ किलोओहम रोध दाखवतो, माझी कधी १२, कधी काहीच नाही, हलवली की बदलायची. वायरीचं टोक ६ मिलिमीटर कापलं, आत लालचुटुक तांबं दिसलं. वायर पुरेशी लांब असेल तरच असं कापता येतं, आखूड असेल तर कॉइलसकट बदलावी लागते. नवी कॅप १३० रुपये, नवा प्लग १४०. जुन्या प्लगवरचा नंबर गंजात गेला होता, म्हणून तो गाडीच्या पुस्तिकेतून घेतला. दुकानदार "हा पण चालतो" म्हणून दुसरा देत होता, मी घेतला नाही. प्लगची आट्यांची लांबी किंवा उष्णतेचा आकडा वेगळा असेल तर इंजिनाला त्रास होतो.

नवा प्लग बसवताना पेट्रोलच्या रबरी नळीचा वीतभर तुकडा त्याच्या डोक्यावर खोचला आणि नळीनंच फिरवत घातला. आटे वाकडे धरले तर नळी घसरते, पान्यासारखा जोर बसत नाही. हातानं पूर्ण टेकल्यावर पान्यानं अर्धा फेरा, बस. १० मिमीच्या प्लगला १० ते १२ न्यूटन मीटरच पुरे होतात, म्हणजे मनगटाचा जोर, खांद्याचा नाही. आबांना आट्यांना ग्रीस लावायचं होतं. होडीच्या कामात ते लावतात. मी त्यांना विनंती करून थांबवलं. नव्या प्लगच्या आट्यांना आधीच मुलामा असतो, आणि वंगण लावलं की तेवढ्याच जोरात प्लग नको इतका घट्ट होतो. ग्रीस लावलं ते वेगळं, वीज न वाहणारं सिलिकॉनचं, १६० रुपयांची ट्यूब, आणि तेही फक्त कॅपच्या रबरांच्या आतल्या कडेला पातळ थर. पाण्याला अडवायला एवढं पुरतं. वायर आता वरून थेट येऊ न देता खाली एक झोळ देऊन मग कॅपमध्ये नेली आहे. ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी थेंब होऊन गळून जातं.

प्लग १४०, कॅप १३०, तेल १९०, ग्रीस १६०, टॅप १००, ब्रश ३०. एकूण ७५०. आबांनी काही घेतलं नाही. पौर्णिमेला बांगड्यांचं कालवण नेऊन दिलं.

त्या रात्री पुन्हा दिवा घालवून फवारा मारला. काळोख. एकही निळी रेष नाही, आणि इंजिन एका लयीत. मी बराच वेळ तिथंच उभा होतो.

३ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी, त्याच पीयूसी केंद्रावर गेलो. हायड्रोकार्बन ८४०. त्या मुलाला प्लगचा फोटो दाखवला तर त्यानं तो स्वतःच्या मोबाइलवर मागून घेतला. पीयूसीचे ५० रुपये. जुन्या गाडीची पीयूसी सहाच महिन्यांची मिळते, हे लक्षात ठेवा.

४ तारखेला वाहन पोर्टलवर अर्ज केला. नूतनीकरणाची फी १००० रुपये, स्मार्ट कार्डाचे २००, टपालाचा खर्च वेगळा, आणि पंधरा वर्षं झाली म्हणून पर्यावरण कर २००० रुपये, पाच वर्षांसाठी एकदाच. ओटीपी आरसीला जोडलेल्या मोबाइलवरच येतो. माझा नंबर २००९ पासून बदललेला होता, त्यामुळे आधी मोबाइल नंबर बदलण्याचा अर्ज करावा लागला आणि एक संध्याकाळ त्यात गेली. चासी, म्हणजे सांगाड्याचा, नंबर आणि इंजिन नंबर लागतात, ते आरसीवरून नीट बघून भरा.

गंजानं इथंही गाठलं. अर्जाच्या प्रतीवर चासी नंबरचा पेन्सिलचा ठसा घ्यायचा असतो, कागद ठेवून वर पेन्सिल घासून. हँडलच्या मानेवर कोरलेला तो नंबर गंजाखाली अर्धा दडलेला. इथं काचपेपर मुळीच लावू नका. आकडा पुसट झाला किंवा आजूबाजूला घासल्याच्या खुणा दिसल्या तर नंबरशी छेडछाड केली की काय असा संशय येऊ शकतो. मी रॉकेलमध्ये भिजवलेला कापूस रात्रभर त्यावर बांधून ठेवला, सकाळी सुती फडक्यानं पुसलं. सगळे आकडे स्पष्ट आले. वरून पातळ तेलाचा हात फिरवला, तो मात्र ठसा घेऊन झाल्यावर.

९ ऑक्टोबर, बुधवार. गाडीच्या तपासणीसाठी आरटीओत, मालवणहून कसालमार्गे ओरोस. निघताना आभाळ स्वच्छ होतं, अर्ध्या वाटेत हस्ताचा पाऊस असा कोसळला की पुढचं दिसेना. जूनपासूनची सवय, मी आपोआप कान टवकारून बसलो. एक आचका येईल, आता येईल. आला नाही. कसालला थांबून रेनकोट पिळला, पण गाडी बंद केली नाही, मुद्दामच नाही. तशीच धडधडत ठेवली.

आरटीओत माझ्या आधी बारा-तेरा गाड्या होत्या. अडीच तास लागले. निरीक्षकांनी चासी नंबर ठशाशी ताडून बघितला, हॉर्न, इंडिकेटर, ब्रेक लाइट, मागचा रिफ्लेक्टर, टायर पाहिले, गाडी चालू करायला सांगितली. पहिल्या किकला चालू झाली. माझा मागचा डावा इंडिकेटर पेटत नव्हता, पावसात येताना गेला असावा. त्यांनी दुरुस्त करून आणा म्हणून सांगितलं. बाहेरच्या दुकानातून बल्ब आणून लावला, तिथंही होल्डरमध्ये हिरवा कळंक. चाकूनं खरवडला, पेटला. म्हणून तपासणीला जाताना एक जादा बल्ब, पक्कड आणि कोरडं फडकं बरोबर ठेवा. दुपारी दोनला काम झालं. नवं कार्ड स्पीड पोस्टनं आलं ते दिवाळी उलटल्यावर, ८ नोव्हेंबरला. मुदत २० ऑक्टोबर २०२९.

त्यानंतर मी काही गोष्टी बदलल्या. गाडी धुवायला देताना टाकीखाली प्रेशर मारू नका असं उभं राहून सांगतो. ताडपत्री बांधत नाही. छपराखाली उघडीच ठेवतो, वारा लागू देतो. मे महिन्यात प्लग एकदा काढून, पुसून परत बसवायचा असं ठरवलं होतं.

२०२५ ला पाऊस आधीच आला. २५ मे ला मोसमी वारे आमच्या किनाऱ्यावर पोचले. माझं मे अखेरचं काम राहून गेलेलं. त्या रविवारी भर पावसात पडवीत टाकी उतरवली. कॅप एका हातानं निघाली, आतलं रबर मऊ आणि कोरडं. प्लग अर्ध्या फेऱ्यात सुटला आणि पुढे बोटांनी फिरत आला. खळग्यात धूळ होती, पाणी नव्हतं. बाजूच्या भोकात तार घातली तर टोकाला ओली माती लागली, ताजी. कुंभारणीनं पुन्हा सुरुवात केली होती. भोक मोकळं करून त्यावर मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा तारेनं बांधून टाकला. पाणी जातं, माशी जात नाही. आबांना हाक मारून दाखवलं. त्यांनी जाळी बोटानं दाबून बघितली आणि मान हलवली.